चादर पिळताना वॉशिंग मशीन जागेवरून सरकते: कारण कोठे शोधावे?

तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते. कपडे धुवून होईपर्यंत मशीन शांत असते, पण पिळायला लागले की धडधडते, जागेवरून सरकते आणि कधी भिंतीला, तर कधी मोरीच्या कठड्याला जाऊन टेकते. मेकॅनिक येतो, पाय फिरवून मशीन बसवून जातो, चार-दोन धुणी बरी जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. सोलापुरात कोणी ही तक्रार सांगितली की मी आधी एवढेच विचारतो, की मशीनमध्ये चादर होती का. उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी येते आणि पुढचा निम्मा तपास तेथेच संपतो.

मशीन सरकले म्हणजे पाय बिघडले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि दुरुस्ती वारंवार फसण्याचे कारण हीच समजूत आहे. मशीनला ढकलणारे बल त्याच्या पोटात, फिरणाऱ्या ड्रममध्ये तयार होते. पाय आणि फरशी यांच्यातले घर्षण त्याला फक्त विरोध करते. पोटातले बल कमी न करता घर्षण वाढवत राहिलो, तर मशीन काही दिवस थांबते खरे, पण ते बल बेअरिंगवर, टबच्या स्प्रिंगांवर आणि खालच्या स्लॅबवर जाऊन पडते. म्हणून तपासाला ड्रमपासून सुरुवात करावी आणि पायांपर्यंत नंतर यावे.

ढकलणारे बल येते कोठून

ज्वारीच्या रानात पाखरे हाकताना गोफण फिरवली असेल, तर हे पटकन समजेल. दगड वर्तुळात फिरत राहावा म्हणून हाताला दोरी सतत आत ओढावी लागते, आणि दगड तितक्याच बलाने हाताला बाहेर ओढतो. ड्रममध्ये दोरीचे काम ड्रमची भिंत करते. ती ओल्या कपड्याला केंद्राकडे ढकलते आणि कपडा भिंतीला तेवढ्याच बलाने बाहेर ढकलतो. पाण्याला मात्र भिंतीच्या छिद्रांपाशी आत ढकलणारे काही नसते, म्हणून ते सरळ रेषेत बाहेर निघून जाते. पिळणे म्हणतात ते एवढेच. कपडे ड्रमभोवती सारखे पसरलेले असतील, तर समोरासमोरची ढकल एकमेकींना छेदून जाते आणि मशीनच्या अंगाला काही जाणवत नाही. एका बाजूला वजन जास्त झाले, की तेवढ्या जादा वजनाची ढकल शिल्लक उरते आणि ती ड्रमबरोबर गोल फिरत राहते.

ही शिल्लक ढकल किती मोठी असते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ती जादा वजनाच्या प्रमाणात वाढते, ड्रमच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर आहे आणि एका बाजूला फक्त ३०० ग्रॅम वजन जास्त आहे. मिनिटाला ४०० फेऱ्या असताना ही ढकल सुमारे १३ किलो वजनाइतकी भरते. ८०० फेऱ्यांना ती चौपट होऊन ५१ किलोंच्या पुढे जाते आणि १,२०० फेऱ्यांना नऊपट होऊन सुमारे ११६ किलोंवर पोचते. त्यातही १,२०० फेऱ्यांना तिची दिशा सेकंदाला वीस वेळा पूर्ण फिरून येते. फ्रंट लोड मशीनचे स्वतःचे वजन साधारण ६० ते ७० किलो असते, हे लक्षात घेतले तर ते अजून घरातच कसे राहते, याचेच नवल वाटावे.

ते राहते, कारण ड्रम ज्या टबमध्ये फिरतो तो टब मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला नसतो. फ्रंट लोडमध्ये तो वरून स्प्रिंगांना टांगलेला असतो आणि खालून शॉकअपवर, म्हणजे धक्के जिरवणाऱ्या दांड्यांवर, टेकलेला असतो. टॉप लोडमध्ये चार कोपऱ्यांतल्या चार सस्पेन्शन रॉडना लटकलेला असतो. फ्रंट लोडच्या टबला काँक्रीटचे जड ठोकळेही मुद्दाम बसवलेले असतात. टब, ड्रम, मोटार आणि ठोकळे मिळून ४० किलो धरले, तर ३०० ग्रॅमच्या असमतोलाने हा सारा भार पूर्ण वेगात जेमतेम दोन मिलिमीटर इकडेतिकडे हलतो आणि स्प्रिंगांमधून सांगाड्यापर्यंत त्या ११६ किलोंचा लहानसा हिस्साच पोचतो. हे गणित अर्थात वेग पुरेसा वाढल्यानंतरचे आहे. स्प्रिंगांवरच्या टबची स्वतःची अशी एक झुलण्याची लय असते आणि ड्रमची गती त्या लयीशी जुळते तेव्हा, म्हणजे मिनिटाला साधारण १०० ते ३०० फेऱ्यांच्या दरम्यान, टब सर्वांत जास्त हेलकावतो. पिळण्याच्या सुरुवातीला काही क्षण मशीन थरथरते आणि मग शांत होते, ते यामुळे. ती थरथर हा बिघाड नव्हे.

म्हणून मशीन नेमके केव्हा सरकते, याकडे आधी लक्ष द्यावे. वेग वाढत असताना टब सांगाड्यावर धाडधाड आदळत असेल, तर कपड्यांचा गोळा किंवा थकलेले शॉकअप यांच्यावर संशय घ्यावा. तो टप्पा बरा जाऊन पूर्ण वेगात एकसारखी घरघर होत मशीन हळूहळू सरकत असेल, तर पाय, फरशी आणि समपातळी तपासावी.

चादरच का

सोलापुरी चादर जेकार्ड या नक्षीच्या मागावर विणलेली, जाड सुती सुताची आणि दुहेरी पोताची असते. एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला उलट्या रंगांत दिसते ती त्यामुळेच. या दोन थरांत पाणी चांगले मुरते. कोरडी असताना सव्वा-दीड किलो भरणारी मोठी चादर निथळत्या अवस्थेत दुपटीहून जड होते. दहा शर्ट ड्रममध्ये दहा ठिकाणी पांगतात, पण चादर हा एकच तुकडा असल्याने ती पांगत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळली जाते, भिजल्यावर ताठ होते आणि ड्रमच्या एका बाजूला चिकटून बसते. वर सांगितलेला ३०० ग्रॅमचा हिशेब येथे किलोवर जातो.

त्यात आपल्याकडची एक चांगली सवय भर घालते. नवी चादर रंग सोडते म्हणून पहिली काही धुणी ती एकटीच धुतली जाते. रंगाच्या दृष्टीने हे योग्य असले, तरी पिळण्याच्या दृष्टीने एकटी चादर हा सर्वांत वाईट भार ठरतो. सोलापूरचाच जाड टर्किश टॉवेल एकटा टाकला तरी थोड्या प्रमाणात असेच होते. दुसरी अडचण पाण्याची आहे. नळ रोज येत नाही, त्यामुळे नळ येण्याच्या दिवशी साठलेले सगळे धुणे एकदम काढले जाते आणि चादरीवर पायपुसणी, पायपुसण्यांवर जीन्स अशी भरती होते. गच्च भरलेल्या ड्रममध्ये कपड्यांना उलटापालट व्हायला जागाच राहत नाही आणि झालेला गोळा सुटत नाही.

फ्रंट लोड मशीन हा गोळा स्वतः सोडवण्याचा प्रयत्न करते. २४ सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रममध्ये मिनिटाला साधारण ६१ फेऱ्या झाल्या, की भिंतीला चिकटलेला कपडा माथ्यावर आला तरी खाली पडत नाही. मशीन आधी त्याहून कमी वेगाने कपडे उलटवते, मग जरा अधिक वेगाने फिरवून ते भिंतीला चिकटवते आणि मोटारीवरचा ताण पाहून वजन सारखे पसरले आहे की नाही, याचा अंदाज घेते. पसरले नसेल, तर थांबून पुन्हा उलटवते. पडद्यावरचा वेळ नऊ मिनिटांवर येऊन अडकतो तेव्हा आतमध्ये हेच चाललेले असते. अनेक मशीन शेवटी हार मानून न पिळताच थांबतात. त्याला बिघाड समजून बटणे दाबत बसण्यापेक्षा दार उघडून चादर मोकळी करावी.

टॉप लोडमध्ये ड्रम उभ्या अक्षाभोवती फिरतो, त्यामुळे कपडे माथ्यावरून खाली पडण्याचा प्रश्नच नसतो. धुणे संपताना जेथे गोळा झाला असेल, बहुधा तेथेच तो राहतो. या मशीनमध्ये टबच्या वरच्या काठाला मिठाचे पाणी भरलेले पोकळ कडे असते. हाताने टब फिरवल्यावर आतून पाण्याचा खळखळाट ऐकू येतो, तो याच कड्याचा. वेग झुलण्याच्या लयीपलीकडे गेला, की कड्यातले पाणी आपोआप जड बाजूच्या समोर जमते आणि समतोल साधते. मात्र त्या लयीच्या खाली असताना तेच पाणी जड बाजूला जाऊन हेलकावा वाढवते. तेव्हा हे कडे मदतीला येते ते सुरुवातीचा अवघड टप्पा पार पडल्यावरच, आणि तो टप्पा पार पडण्यासाठी आपण हात घालून चादर नीट लावणे आवश्यक असते. कडे फुटून पाणी गळून गेले असेल, तर खळखळाट ऐकू येत नाही आणि मशीन कोणत्याही कपड्याला धडधडते.

उपाय सोपे आहेत. एका चादरीऐवजी सारख्या वजनाच्या दोन चादरी टाकाव्यात आणि टॉप लोडमध्ये त्या समोरासमोर, टबच्या भिंतीला कडेने लावून ठेवाव्यात. नवी चादर एकटीच धुवायची असेल, तर धुऊन झाल्यावर मशीन थांबवून ती बाहेर काढावी, रंग गेला तरी हरकत नाही असे दोन जुने टॉवेल ओले करून तिच्या समोरच्या बाजूला लावावेत आणि मग पिळावे. चादर घडी घालून टाकू नये. घडी म्हणजे आयता गोळा. ती झोळीसारखी सैल सोडत भिंतीलगत फिरवावी. चादरीबरोबर हलके परकर, रुमाल किंवा सिंथेटिक साड्या टाकून समतोल साधत नाही, कारण पाणी धरण्याची त्यांची ताकद फारच कमी असते.

वेग हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. १,२०० ऐवजी ८०० फेऱ्यांवर पिळले, तर ढकल निम्म्याहूनही कमी होते आणि ६०० वर पाऊणभाग नाहीशी होते. चादर थोडी ओलसर निघेल एवढेच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही अडचण ठरली असती, पण सोलापूरच्या कोरड्या उन्हात, मार्चपासून पुढे तर नक्कीच, गच्चीवरच्या दोरीवर टाकलेली चादर वाळायला वेळ लागत नाही. जेथे ऊन फुकट मिळते, तेथे १,२०० फेऱ्यांचा हट्ट कशासाठी धरावा, हे मला कधी कळलेले नाही.

सेमी ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर अरुंद असतो, पण तो मिनिटाला १,३०० च्या आसपास फेऱ्या घेतो आणि संपूर्ण मशीनचे वजनच पंचवीस किलोंच्या आतबाहेर असते. तेथे दोनशे ग्रॅमचा फरकही मशीनला नाचवायला पुरेसा होतो. चादर ड्रायरमध्ये टाकण्यापूर्वी हाताने निथळून घ्यावी, कडेने दाबत थरावर थर बसवावा आणि वरची प्लास्टिकची जाळीदार चकती विसरू नये. ती चकती नसेल तर वरचा पदर सुटून बाहेर झेपावतो आणि क्षणात तोल बिघडतो. मोठी दुहेरी चादर काही लहान ड्रायरमध्ये मुळात बसतच नाही. तेथे गच्चीवर दोघांनी दोन टोके धरून पीळ देणे हाच शहाणपणा.

रिकाम्या मशीनची परीक्षा

कपडे न टाकता फक्त पिळण्याचा टप्पा चालवून पाहावा. रिकामे मशीन पूर्ण वेगात जागेवर स्थिर राहिले, तर दोष बहुधा भरण्याच्या पद्धतीत आहे आणि आधी वरचे उपाय करून पाहावेत. पायांना लगेच हात लावण्याची गरज नाही. रिकामेसुद्धा सरकत असेल, तरच पुढे जावे. ही परीक्षा फुकटची आहे, तरीही ती न करता शॉकअप बदलून घेतलेली घरे मी पाहिली आहेत.

नव्या फ्रंट लोड मशीनच्या बाबतीत त्याआधी मागची बाजू पाहावी. वाहतुकीत टब हलू नये म्हणून कारखान्यातून तो तीन-चार लांब बोल्टांनी सांगाड्याला आवळलेला असतो. हे ट्रान्झिट बोल्ट काढायचे राहिले, तर स्प्रिंगा आणि शॉकअप असून नसल्यासारखे होतात आणि वर सांगितलेली ११६ किलोंची ढकल थेट पत्र्यावर येते. असे मशीन केवळ सरकत नाही, तर चक्क उड्या मारते. बोल्ट काढून त्या जागी प्लास्टिकची झाकणे बसवावीत आणि बोल्ट जपून ठेवावेत, कारण भाड्याचे घर बदलताना टेम्पोत मशीन चढवण्यापूर्वी ते पुन्हा लावावे लागतात.

पाय आणि फरशी

आता घर्षणाकडे येऊ. पाय आणि फरशी यांच्यात जास्तीत जास्त किती घर्षण मिळेल, हे दोन गोष्टींवर ठरते: पायांवर पडणारा भार आणि दोन पृष्ठभागांची जात. स्वच्छ रबर आणि कोरडा दगड असेल, तर घर्षण भाराच्या साधारण सहा दशांश मिळते, म्हणजे ६५ किलोच्या मशीनला सुमारे ३९ किलोंचा आधार. तीच फरशी साबणाच्या पाण्याने ओली असेल, तर हा आधार १३ किलोंच्या आसपास येऊ शकतो. मोरीच्या दाराशी ठेवलेले मशीन धुणे संपता संपताच का सरकते, याचे उत्तर अनेकदा पायाखालच्या फेसात असते. नव्या टॉवेल-चादरींचे तूस आणि धूळ यांचा पातळ थर पायांखाली जमतो, तोही असाच घसरता असतो. मशीन तिरपे करून पायांचे तळ आणि त्याखालची फरशी ओल्या फडक्याने व मग कोरड्या फडक्याने पुसणे, हे काम वर्षातून दोन-तीनदा तरी व्हावे. गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत उन्हाळे काढलेल्या मशीनचे रबर कडक आणि गुळगुळीत होते. अशा पायाला नख लावून पाहावे; नख रुतत नसेल तर पाय बदलावेत.

भाराचा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण तो स्थिर नसतो. फ्रंट लोडमध्ये ड्रमची जड बाजू वर जाते त्या क्षणी मशीनही वर उचलले जाते. समजा, सांगाड्यापर्यंत ३० किलोंची ढकल पोचली आहे. जड बाजू माथ्यावर असताना पायांवरचा भार ६५ वरून ३५ वर येतो आणि घर्षणाची मर्यादा ३९ वरून २१ वर उतरते. जड बाजू माथ्याच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे असते, तेव्हा भार हलका असतो आणि आडवी ढकलही असते. पाय निसटतो तो त्याच क्षणी. निसटणे अगदी थोडे असते, पण १,२०० फेऱ्यांना ते सेकंदाला वीसदा घडते. प्रत्येक वेळी मिलिमीटरचा दहावा भाग जरी एकाच दिशेला पडला, तरी मिनिटाला १२ सेंटिमीटर होतात.

ती दिशा कोण ठरवते? बहुतेक वेळा फरशीचा उतार. पाणी मोरीकडे जावे म्हणून गवंडी फुटाला पाव इंच उतार ठेवतात. एवढ्या उतारावर ६५ किलोच्या मशीनला खाली ओढणारे बल दीड किलोच्याही आत असते. एरवी वर्षभर उभे राहिले तरी त्याने मशीन केसभर हलणार नाही. पण पिळताना पायाची पकड दर फेरीला क्षणभर सुटते आणि त्या क्षणी हे क्षुल्लक, पण कधीही दिशा न बदलणारे बल आपले काम करून घेते. म्हणून सरकणारे मशीन बहुधा मोरीकडेच निघते.

कोणता पाय निसटतो, हे पाहण्यासाठी खडूसारखे साधन नाही. शहाबादी फरशीवर चारही पायांभोवती पांढऱ्या खडूने गोल काढावेत आणि रिकामे मशीन पिळण्यावर चालवावे. थांबल्यावर एक गोल जसाच्या तसा राहिलेला आणि त्याच्या कर्णावरचा पाय सर्वांत दूर गेलेला आढळेल. स्थिर राहिलेल्या पायाची पकड चांगली होती आणि भटकलेल्या पायावर बहुधा भार कमी होता. खात्रीसाठी प्रत्येक पायाखाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवून पाहावी. ज्या पायाखालून ती सहज निघते, तो पाय नुसता टेकलेला आहे. तीन पाय कोणत्याही फरशीवर बसतात, चौथा मात्र मुद्दाम जमवावा लागतो. जुन्या घरांतल्या हाताने घडवलेल्या शहाबादी फरशीत तर दोन शेजारच्या लाद्यांतही उंचीचा फरक असतो, त्यामुळे शक्य झाल्यास चारही पाय लाद्यांच्या मधोमध येतील, सांध्यावर येणार नाहीत, असे मशीन ठेवावे.

पाय जमवण्याआधी प्लग काढावा. प्रथम पुढचे दोन पाय पूर्ण आत घ्यावेत, कारण पाय जितका बाहेर आलेला तितका तो लवचीक असतो. मग मशीनच्या माथ्यावर पाणसळ आधी आडवी आणि नंतर उभी ठेवून, बुडबुडा मध्ये येईपर्यंत पाय फिरवावेत. त्यानंतर समोरासमोरचे कोपरे हातांनी दाबून मशीन डुलते का ते पाहावे आणि डुलत असल्यास हलका पाय अर्धा-अर्धा आटा बाहेर काढावा. शेवटचे काम चेकनटचे, म्हणजे पाय जागेवर आवळून धरणाऱ्या नटचे. प्रत्येक पायावरचा चेकनट पान्याने वर, मशीनच्या तळाला घट्ट भिडेपर्यंत आवळावा. मेकॅनिक येऊन गेल्यावर चार धुण्यांत तक्रार परत येते, तिचे कारण बहुधा हाच न आवळलेला नट असतो. कंपनांनी पाय आट्यात फिरत जातो आणि केलेली पातळी आपोआप बिघडते.

वरच्या मजल्यावर मशीन स्लॅबच्या मधोमध ठेवू नये. भिंतीच्या किंवा तुळईच्या जवळ स्लॅब कमी लवतो, म्हणून कोपरा केव्हाही चांगला. फक्त मशीन आणि भिंत यांच्यात चार बोटे मोकळी ठेवावीत.

स्टँड, पाटा आणि दोऱ्या

चाकांचा स्टँड हे मशीन सरकण्याचे हमखास कारण आहे. फरशी पुसायला सोय म्हणून तो घेतला जातो, पण चाकाचे काम हालचाल सोपी करणे हेच आहे आणि चाकांवरचे छोटे ब्रेक सेकंदाला वीस धक्क्यांपुढे टिकत नाहीत. शिवाय स्टँडच्या नळ्या एकमेकींत सरकणाऱ्या असतात, त्यांतली ढील वेगळीच. स्टँड हवाच असेल, तर बिनचाकांचा, चार स्वतंत्र रबरी पायांचा घ्यावा.

आमच्या शेजारच्या काकूंनी मशीनवर जुना दगडी पाटा आणून ठेवला होता. "अरे, पाटा ठेवल्यापासून सरकत नाही बघ," असे त्या समाधानाने सांगत होत्या, "पण आता खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात." दोन्ही गोष्टी अगदी अपेक्षित आहेत. पंधरा किलोच्या पाट्याने पायांवरचा भार ८० झाला आणि घर्षणाची मर्यादा ३९ वरून ४८ वर गेली. मशीन थांबायला तेवढे पुरले. ड्रममधली ढकल तेवढीच राहिली आणि सरकण्यात जिरणारी शक्ती स्लॅबमध्ये उतरली. कंपनाने पाटा कडेला सरकून कोणाच्या पायावर पडण्याचा धोका उरतोच. काकूंच्या घरी पाटा खाली उतरवला, चादरी दोन-दोन टाकायला सुरुवात केली आणि वेग ८०० वर आणला. खालचे लोक त्यानंतर आले नाहीत.

जाड रबरी पॅड मिळतात, त्यांचा उपयोग गुळगुळीत टाइल्सवर पकड वाढवण्यापुरता आणि खालचा आवाज थोडा कमी करण्यापुरता होतो. पॅड फार मऊ असेल, तर मशीन त्यावर अधिक डुलते. थर्माकोलचे तुकडे दबून असमान होतात आणि लाकडी पाचर कंपनाने निसटते. मशीन दोरीने नळाच्या पाइपला बांधणे तर करूच नये. पाइपाचा सांधा सैल होतो आणि नळ येण्याच्या दिवशी घरभर पाणी होते. सरकत्या मशीनला अंगाने दाबून धरण्याची सवयही सोडावी. भर वेगात काही गडबड वाटली, तर भिंतीवरचे बटण बंद करावे आणि ड्रम पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये.

मेकॅनिकला केव्हा बोलवावे

पातळी नीट आहे, पाय कोरडे आहेत, ड्रम रिकामा आहे आणि तरीही मशीन आदळते, अशा वेळी दोष आतल्या भागांत असतो. दार उघडून टबच्या काठावर हाताने जोर देऊन तो खाली दाबावा आणि सोडावा. चांगल्या स्थितीतला टब वर येऊन एखाद्या हेलकाव्यात थांबतो. तो झुलत राहिला, तर फ्रंट लोडमध्ये शॉकअप आणि टॉप लोडमध्ये सस्पेन्शन रॉड थकले आहेत. टॉप लोडचा टब रिकामा असताना एका कोपऱ्याकडे कललेला दिसत असेल, तर त्या बाजूच्या रॉडची स्प्रिंग बसली आहे. सेमी ऑटोमॅटिकमध्ये हेच काम ड्रायरच्या मोटारीखालच्या स्प्रिंगा आणि रबरे करतात. मग ड्रम हाताने हळू फिरवून आवाज ऐकावा आणि त्याचा काठ वर-खाली उचलून पाहावा. खरखर येत असेल किंवा टब न हलता ड्रमच लुटलुटत असेल, तर बेअरिंग गेले आहे. असे मशीन दुरुस्तीपर्यंत चालवू नये.

मेकॅनिकला फोन करताना मशीन रिकामे असतानाही सरकते का, वेग वाढताना की पूर्ण वेगात, आणि टब दाबल्यावर किती झुलतो, या तीन गोष्टी सांगाव्यात. तो योग्य भाग घेऊनच येईल आणि दुसरी फेरी वाचेल. शॉकअप एकच खराब दिसत असला तरी जोडीने बदलून घ्यावेत आणि रॉड चारही एकदम बदलावेत, कारण एक नवा व बाकीचे जुने असले तर टब नव्याच्या विरुद्ध बाजूला कलतो. मेकॅनिक निघण्यापूर्वी त्याच्यासमोरच दोन ओल्या चादरी टाकून पूर्ण वेगात एकदा पिळून पाहाव्यात.